मेल्या डोहावरच्या मोठ्या बाई

मोठ्या बाई गेल्यापासून गावात त्यांच्या गमती सांगायची पद्धत पडली आहे. चहाच्या टपरीवर, एसटीची वाट बघताना, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी सुरू करतं, "आपल्या मोठ्या बाई गळ घेऊन नदीवर जायच्या, आठवतं का?" आणि सगळे हसायला लागतात. गुडघ्यापर्यंत खोचलेली साडी, वर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला टॉवेल. हे चित्र हसण्यासारखं आहे, नाही म्हणत नाही. पण हसून झाल्यावर जे म्हणतात ना, "बाई भारी गमतीदार होत्या," तिथे माझं डोकं फिरतं. त्या गमतीदार नव्हत्या. त्या रागावलेल्या होत्या. त्या रागाला कारण होतं आणि हसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर हसतात.

मी शहापूरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली ती मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या बाजूला, काळू नदीच्या काठच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. मी अजून तिथेच शिकवते. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. गावच्याच, शेतकरी घरातल्या. नवरा कसाऱ्याला रेल्वेत होता, तो वारल्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगा डोंबिवलीला. शहापूरहून रोजची ये-जा मला जमेना तेव्हा बाईंनीच त्यांच्या घराची मागची खोली दिली. म्हणाल्या, "एकच अट. रविवारी पहाटे उठायचं." मला वाटलं, घरात काही पूजा असेल.

पूजा नव्हती. पहिल्याच रविवारी त्यांनी माझ्या हातात एक डबा दिला. उघडून बघितला तर ओल्या मातीत गांडुळं. मी किंचाळले नाही, पण डबा हातातून सुटला. बाई खाली बसून एकेक गांडूळ शांतपणे वेचत म्हणाल्या, "उचला. आपण उचललंत तर लवकर होईल."

त्या दिवशी मला त्यांच्या रागाचं व्याकरण ठाऊक नव्हतं. पुढे कळलं. सगळं ठीक असलं की बाई समोरच्याला 'तू' म्हणायच्या, मग तो शिपाई असो नाहीतर केंद्रप्रमुख. जरा बिनसलं की 'तुमी'. आणि 'आपण' म्हणाल्या की संपलं. आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. शाळेतल्या पहिलीच्या पोरांनासुद्धा हे माहीत होतं. एखादा पोरगा दुसऱ्याला ढकलताना दिसला आणि बाई म्हणाल्या, "आपण जरा इकडे येता का?" की तो तिथेच रडायला लागायचा. बाईंनी कधी कुणावर हात उचलला नाही. गरजच नव्हती.

नदीवर गेलो तरी गळ लगेच पाण्यात पडायचा नाही. "पिशवीतच राहू दे. आधी बघ," असं म्हणून त्या मला काठापासून लांब, करंजाच्या सावलीत बसवायच्या. फाल्गुनात काळूचं पाणी आटत जातं, धार बारीक होते आणि नदीचे वेगवेगळे डोह होतात. पाणी इतकं नितळ असतं की आपल्याला मासे दिसतात आणि माशांना आपण. आपली सावली पाण्यावर पडली की तो डोह त्या सकाळपुरता मेला. थंडी अजून पुरती गेलेली नसते, त्यामुळे उजाडता उजाडता मासे सुस्त असतात, उन्हं जरा तापली की अंग मोकळं करतात आणि दुपारी खोल जातात. म्हणजे मधला वेळ आपला. हे सगळं त्या शाळेत शिकवल्यासारखं शिकवायच्या आणि मी जांभई दिली की म्हणायच्या, "झोप आली गो? मग घरी जा. मासा झोपलेल्याच्या हाताला लागत नाय."

आमिषाबद्दल तर त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. मळे नावाच्या माशांना कणकेचा गोळा, पण त्यात चिमूटभर मोहाची फुलं चुरलेली, कारण त्या दिवसांत काठावरचा मोह पाण्यात गळत असतो आणि माशांच्या तोंडात तीच चव असते. वामीला गांडूळ, तेही दगडांच्या कपारीशी, दिवस कलल्यावर. मरळ श्वास घ्यायला वर येते, तिला जिवंत बेडकी नाहीतर नाकतोडा, पाण्यावर नाचवत न्यायचा. शिवड्याला लहान मासा. आणि उंबराखालच्या पाण्यात पिकलेलं उंबरच लावायचं. तिथे एकेकाळी खडस यायचा म्हणे, तांब्याच्या रंगाच्या खवल्यांचा मोठा मासा. मी काही तो पाहिला नाही. बाई मात्र दर फाल्गुनात एक उंबर गळाला लावून तिथे सोडायच्या आणि वाट बघायच्या. चिलापी हा बाहेरून आणून सोडलेला मासा, त्याचा त्यांना तिटकारा होता. गळाला चिलापी लागली की त्या तिच्याशी बोलायच्या, "आपल्याला कुणी बोलावलं होतं?"

त्यांचा एक नियम होता. मरळीच्या मागे लाल पिल्लांचा घोळका फिरताना दिसला की त्या डोहावर महिनाभर जायचं नाही. एकदा मी म्हटलं, "बाई, एवढी मोठी मरळ आहे." त्या म्हणाल्या, "तिच्या वर्गात पोरं बसलीयत. वर्ग सुटू दे."

आणि मासे मिळाले की कुणाला द्यायचे हे ठरलेलं असायचं. त्या आठवड्यात ज्याच्याशी भांडण झालं असेल त्याला. किराणा दुकानदाराने मुलांना बुरशीचा खाऊ विकला म्हणून त्यांनी त्याला सगळ्या गावासमोर सोलून काढला होता आणि त्याच रविवारी दोन वामी घेऊन त्याच्या दारात उभ्या राहिल्या. "खा. पोटभर जेव. उद्या परत बोलू." त्याची बायको वामी घेऊ की नको अशी उंबऱ्यातच थबकली. लोक म्हणायचे, चैत्र आला की बाईंशी भांडून घ्यावं, कालवणाची सोय होते. ही एक गमत गावात फार सांगतात. पण मी मागे बसून स्कूटीवरून त्यांच्याबरोबर ते मासे पोचवलेले आहेत. त्या गमत करत नव्हत्या. त्यांचं म्हणणं असं की भांडण उपाशी माणसाशी करू नये आणि अर्धवट सोडूही नये.

दुसरी गमत सांगतात ती गाण्याच्या डब्याची. कल्याणकडून पोरांची एक टोळी मोटरसायकलींवर आली होती. डोहाच्या कडेला भला मोठा स्पीकर लावून त्यांनी पाण्यात बाटल्या थंड करायला ठेवल्या होत्या. बाई त्यांच्यात जाऊन बसल्या. गाणं संपल्यावर तो स्पीकर उचलला, आपल्या पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "सोमवारी प्रार्थनेच्या वेळी शाळेत या. मिळेल." पोरं हसली, मग ओरडली, मग विनवण्या करायला लागली. बाई चालत राहिल्या. सोमवारी त्यातले तिघे खरोखर आले आणि पहिली ते सातवीच्या पोरांच्या मागे हात जोडून उभे राहिले. प्रार्थना झाल्यावर बाईंनी त्यांना स्पीकर दिला आणि चहाही पाजला. हे सांगून लोक हसतात. मी तेव्हा त्यांच्या शेजारी चालत होते. घर येईपर्यंत त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही. सातआठ दांडगे पोरगे आणि साठीकडे झुकलेली एक बाई. त्यांना भीती वाटली होती. भीती वाटली तरी त्या गेल्या, हे कुणी सांगत नाही.

आता ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याकडे येते. त्याचं नाव मी घेणार नाही. आमच्या शाळेच्या समितीचे जे अध्यक्ष होते त्यांचा पुतण्या, एवढं पुरे. तो बाईंचा विद्यार्थी. लहानपणापासून त्यांच्याबरोबर नदीवर जायचा. बाई सांगायच्या की पाणी वाचायला त्याच्याइतकं लवकर कुणी शिकलं नाही. वरून नुसता बुडबुडा बघून खाली वाम आहे की मरळ हे तो सांगायचा. त्याच्याबद्दल बोलताना त्यांचा चेहरा मऊ व्हायचा. मी गावात आले तेव्हा तो मोठा झाला होता, कॉलेज सोडून घरच्या जमिनीवर नदीकाठी त्याने खोल्या बांधल्या होत्या आणि शनिवार-रविवार मुंबई-ठाण्याची माणसं तिथे राहायला यायची. फार्महाऊस म्हणायचे. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करायचा. "बाई, कायतरी लागलं तर सांगा." बाई म्हणायच्या, "तूच कधी गळ घेऊन ये. हात विसरला असशील."

हात विसरला नव्हता. त्याला घाई झाली होती.

गुढीपाडवा होऊन गेल्यावरचा रविवार. आम्ही नेहमीप्रमाणे सकाळी निघालो. वाडीखालचा मोठा डोह आमच्या भागात उन्हाळ्यात टिकून राहणारा एवढाच. वाडी ठाकर आदिवासींची, डोंगराच्या पायथ्याशी. तिथल्या बायका डोहाच्या कडेला वाळूत डवरा उकरायच्या, म्हणजे खड्डाच, त्यात झिरपून आलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायचं. प्यायचं पाणी तेच.

वास आधी आला. गोडसर, डोक्यात चढणारा, भाताच्या शेतावर औषध मारतात तसा. आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात. बाई एकदम थांबल्या आणि मग धावायला लागल्या. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. डोह पांढरा दिसत होता. मळे, वामी, झिंगे, बोटाएवढी पिल्लं, सगळं पोट वर करून काठाला लागलेलं. मोठे मासे कुणीतरी आधीच काढून नेले होते. उरलेले वाडीतली पोरं हसत हसत टोपलीत भरत होती. सणच होता त्यांचा. बाईंनी पहिली टोपली लाथेने उडवली. "टाका. सगळं टाका. हात धुवू नका त्या पाण्यात, लांब व्हा." पोरं घाबरून पळाली. त्यांच्यातल्या एकाची आई चिडून म्हणाली, "आमच्या पोरांचा घास का सांडता?" तेवढ्यात वरून वाडीतून रडणं ऐकू आलं.

सोमी आमच्या चौथीत होती. सकाळी आईबरोबर पाण्याला आली होती आणि तहान लागली म्हणून डवऱ्यातलं पाणी ओंजळीने प्यायली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात आडवी होती. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यातून पाणी, अंगाला झटके. बाईंनी तिला उचललं. दुधाचा टेम्पो रस्त्यावर उभा होता, त्याच्यात घातलं. मुरबाडला नेलं, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, पोटात फवारणीचं औषध गेलंय, आणलंत ते बरं केलंत. सोमीची आई भिंतीला टेकून बसली होती. सारखं एकच म्हणत होती, "पानी तर रोजचंच होतं गो बाई. रोजचंच पानी."

सोमी वाचली. पण काही आठवड्यांनी तिच्या पायांतलं बळ जायला लागलं. आधी ठेचकाळायची, मग पाय ओढायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, कधीकधी होतं असं, हळूहळू सुधारेल, पुरतं सुधारेल का सांगता येत नाही.

कुणी केलं हे सगळ्या गावाला दुपारपर्यंत कळलं होतं. फार्महाऊसवर पाहुण्यांना नदीचे ताजे मासे हवे होते. गळाला बसायला कोण वेळ देणार. डोहाच्या वरच्या अंगाला, जिथे बारीक धार येऊन पडते, तिथे चैत्रात मासे थंडाव्याला गोळा होतात. तिथेच ओतलं होतं. बाटल्या तिथेच झुडपात पडल्या होत्या. बाईंनी त्या बाटल्या बघितल्या, जागा बघितली आणि दगडावर बसल्या. मग म्हणाल्या, "जागा बरोबर निवडलीय. मीच शिकवली त्याला."

तक्रार झाली. म्हणजे बाईंनी केली. चौकशीला आलेल्यांनी विचारलं, "तुम्ही ओतताना बघितलं का?" नव्हतं बघितलं. सोमीचा बाप फार्महाऊसवरच कामाला होता. तो हात जोडून म्हणाला, "आमी कुणाचं नाव नाय घेत. आमाला इथंच ऱ्हायचंय." बाई त्याच्यावर संतापल्या आणि मग दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. मला पेन्शन मिळणार आहे, तुला नाय."

ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा मी हजर होते. अध्यक्ष उठले. आवाज भरून आणला. "पोरं आहेत. पोरांच्या हातून चुकलं. नदी आपली आहे, पोरं पण आपलीच आहेत. आता किती ताणायचं?" माना हलल्या. जी माणसं मला रोज 'मॅडम, जेवलात का' विचारतात, तीच माणसं. 'पोरं' म्हणजे बायको असलेला, गाडी असलेला, फार्महाऊस चालवणारा माणूस. आणि सोमी म्हणजे कोण, हे कुणी बोललं नाही. बाई उभ्या राहिल्या. "आपण सगळे बरोबर बोलता," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या सगळ्या सभेला 'आपण' म्हणाल्या होत्या. सभेला ते कळलंही नाही.

दोन दिवसांनी अध्यक्ष पुतण्याला घेऊन बाईंच्या घरी आले. मी पडवीत मुलांच्या वह्या तपासत होते. तो आला तोच बाईंच्या पायाशी वाकला. बाईंनी पाय मागे घेतले.

"बाई, माफ करा. चुकलो," तो म्हणाला.

"आपण सोमीकडे गेला होतात का?"

"काकांनी माणूस पाठवला होता बाई. समजावलंय त्यांना."

"मी ते नाय विचारलं. आपण गेला होतात का?"

त्याने काकांकडे बघितलं. मग अध्यक्षच बोलले, "अहो बाई, तुमच्याच हाताखालचं पोर. तुमी नाय पोटात घालणार तर कोण घालणार?"

बाई म्हणाल्या, "पोटात सोमीनं घातलंय. माझ्या पोटात जागा नाय."

तो रडायला लागला. खरं रडत होता, ते मी बघितलं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलले, मला वाटलं आता विरघळतील. मग त्या म्हणाल्या, "रडायचं असलं तर नदीवर जाऊन रडा. तिकडं पाणी कमी आहे." आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मलाही वाढलं नाही.

पुढच्या रविवारी त्या गळ घेऊन निघाल्या. मी म्हटलं, "बाई, डोहात आता काय आहे?" त्यांनी पिशवी खांद्याला लावली. मेलेल्या डोहावर जाऊन बसल्या. गळाला आमिष नव्हतं. नुसती काठी हातात आणि दोरी पाण्यात. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. गावात हसायला सुरुवात झाली ती इथून. बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, मेल्या डोहात मासे धरतायत.

पण त्यांनी बसायला जी जागा निवडली होती ती मी बघितली. फार्महाऊसवरून नदीवर उतरायची वाट तिथूनच जाते. शहरातली माणसं सकाळी फिरायला यायची, हातात मोबाइल, अंगावर टॉवेल. खाकी शर्टातली म्हातारी गळ टाकून बसलेली बघून त्यांना गंमत वाटायची. कुणीतरी हमखास विचारायचं, "आजी, किती मिळाले?"

"एकपण नाय," बाई म्हणायच्या. "सगळे मेलेत. औषध टाकून मारले. वाडीतल्या पोरीचे पाय गेले."

"अरे बापरे. कुणी?"

"आपण ज्यांच्याकडे उतरलात त्यांनी."

एवढं बोलून त्या पाण्याकडे बघायच्या. माणसं परत जायची, कुजबुजायची. काही जण त्याच दुपारी खोल्या सोडून जायचे. पाऊस लागेपर्यंत एक रविवार त्यांनी चुकवला नाही. ऊन डोक्यावर आलं तरी उठायच्या नाहीत. पुतण्याने वाट बदलली, दुसरीकडून पायऱ्या केल्या. बाईंनी बसायची जागा बदलली. अध्यक्षांनी वर तक्रार केली की मुख्याध्यापिका गावाची बदनामी करतात. त्यांना बोलावून समज दिली गेली. परत आल्या तेव्हा मी विचारलं, काय झालं. "चहा दिला," त्या म्हणाल्या. "बिस्कीट बुरशीचं होतं."

त्यांच्या निवृत्तीला गावाने निरोप समारंभ केला नाही. ज्यांच्या दोन-दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, त्यांना त्या दिवशी शेतात कामं निघाली. वाडीतल्या बायका तेवढ्या आल्या, ओंजळ ओंजळ करवंदं घेऊन.

पावसाने डोह भरला. वरून नवं पाणी आलं, नव्या पाण्याबरोबर मासे आले. पुढच्या फाल्गुनात उंबराखाली मळे फिरताना दिसले. दुकानदार मुद्दाम बाईंना सांगायला आला. "बघा बाई, नदीनं पण माफ केलं. तुमी कशाला धरून बसलात?"

बाई म्हणाल्या, "नदीला पाय नायत रे. सोमीला होते."

शाळा नदीच्या अलीकडे आणि वाडी पलीकडे. सोमीला चालत येणं जमेना. बाई निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी स्कूटी घेऊन वाडीच्या खालपर्यंत जायच्या, तिला मागे बसवून शाळेत सोडायच्या, दुपारी परत न्यायच्या. पाय चोळायला तिच्या आईला शिकवलं, व्यायाम करून घेतले, सोमी रडली की 'आपण' म्हणायच्या आणि सोमीला हसू यायचं. तिला एकटीलाच त्या शब्दाची भीती वाटायची नाही. हळूहळू ती काठी धरून चालायला लागली. सातवी झाली, मुरबाडच्या रस्त्यावरच्या हायस्कुलात जायला लागली. तेवढ्या वर्षांत पुतण्याच्या फार्महाऊसला तळं झालं, तळ्यात चिलापी सोडली, तिथे पाहुणे गळ टाकून फोटो काढतात. मग त्याला राजकारणाची हौस आली. लोकांनी त्याला दादा म्हणायला सुरुवात केली.

बाई गेल्या त्या साध्या तापाने. छातीत कफ झाला, डोंबिवलीच्या मुलाने नेलं, पण परत आणलं ते बाईंना नव्हे. नदीकाठच्या स्मशानात सगळं गाव आलं होतं. पुतण्या पांढरे कपडे घालून पुढे होता. खांदा द्यायला तोच पहिला. मुलगा कित्येक वर्षं शहरात, त्याला वाटलं, आईचा विद्यार्थी आहे. मी पुढे झाले आणि म्हटलं, "याला खांदा देऊ देऊ नका." मुलगा गोंधळला. चार माणसांनी मला बाजूला केलं, "मॅडम, ही वेळ नाय." तोपर्यंत पुतण्याने तिरडी उचलली होती. मला तो राग आजही गिळता आलेला नाही आणि गिळायचाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीजवळच्या विजेच्या दोन खांबांमध्ये फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली. आमच्या गुरुमाता.' बाईंचा फोटो वर कोपऱ्यात, शाळेच्या ग्रुपफोटोतून कापून काढलेला, त्यामुळे शेजारच्या शिक्षकाचा खांदाही त्यात आलेला. आणि खाली अर्ध्या फ्लेक्सवर तो. हात जोडलेला, काळा गॉगल कपाळावर. 'शोकाकुल,' आणि पुढे दादांचं नाव.

मी शाळेत निघाले होते. फ्लेक्सखाली सोमी उभी होती. हायस्कूलचा गणवेश, एका हातात काठी. दुसऱ्या हातात घरचा कोयता.

"मॅडम, माझा हात नाय पुरत," ती म्हणाली.

टपरीवर दहापंधरा माणसं होती. मी दुकानाबाहेरची खुर्ची उचलली, खांबाला लावली आणि वर चढले. दोऱ्या कापल्या. एक बाजू खाली आली, मग दुसरी. कुणीतरी म्हणालं, "राहू दे हो, मेलेल्या माणसाचा फोटो आहे." सोमी त्याच्याकडे वळून म्हणाली, "बाईंचा फोटो मी नेते. बाकीचा कुणाला हवाय का?" कुणी पुढे आलं नाही. टपरीवाला दूध ढवळत राहिला.

फ्लेक्सची गुंडाळी करून आम्ही दोघी वाडीत गेलो. सोमीच्या आईने अंगणात ती पसरली. कोयत्याने बाईंचा फोटो नीट कापून घेतला आणि आत नेऊन ठेवला. उरलेला फ्लेक्स चांगला जाड होता. पावसाळा तोंडावर होता आणि त्यांच्या घराची मागची भिंत कुडाची, दरवर्षी भिजायची. सोमीचा बाप बांबूच्या काड्या घेऊन आला आणि फ्लेक्स भिंतीला लावताना थांबला. गॉगल कपाळावर घेतलेला तो चेहरा आत करायचा की बाहेर?

तो बायकोकडे बघायला लागला. त्याची फार्महाऊसवरची नोकरी अजून चालूच होती.

सोमीच्या आईने त्याच्या हातातून फ्लेक्स घेतला आणि स्वतः फिरवला.

"बाहेर," ती म्हणाली. "भिजू दे त्याला."